खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात लावा

नवा मरीन टँक लावला, सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ) पूर्ण झाली, क्लाउनफिशची जोडी आत सोडली आणि पाहता पाहता पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढला. मग काचेवर हिरवी पावडर आणि त्यानंतर खडकांवर लांबलचक हिरवे केस. थोड्याफार फरकाने हा क्रम प्रत्येकाच्या टँकमध्ये येतो. हौसेने टँक लावलेले कितीतरी जण इथेच कंटाळतात आणि सगळं सामान विकून टाकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातला बराचसा त्रास टाळता येतो.

शेवाळ दिसलं की लोक थेट दुकानात जाऊन 'अल्गी रिमूव्हर' मागतात. पण वाळूवरचा तपकिरी थर तीन वेगवेगळ्या जीवांचा असू शकतो, आणि एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्याला अक्षरशः पोसतो. म्हणून ओळख आधी, उपाय नंतर.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. शेवाळ शून्यावर आणायचं नसतं. खडकांवर चढणारा जांभळा-गुलाबी कडक थर म्हणजे कोरॅलाइन शेवाळ. तो दिसू लागला की टँक स्थिरावतोय असं समजा. काचेवर दोन-तीन दिवसांनी येणारी हलकी हिरवी झाक हीसुद्धा नेहमीचीच बाब.

जवळ काय काय हवं

- खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावण
- टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा
- नायट्रेट आणि फॉस्फेटची टेस्ट किट. फॉस्फेटची कमी मात्रा दाखवणारीच घ्या. रंगाच्या पट्टीवर ०.०३ आणि ०.१ मधला फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून जमलं तर डिजिटल चेकर घ्या.
- अल्कलिनिटीचं, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता मोजणारं किट
- आरओ-डीआय युनिट (आरओ मेंब्रेन आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन), किंवा तसं पाणी मिळण्याची खात्रीची जागा
- काच पुसायचा मॅग्नेट, नवा टूथब्रश, एअरलाइनची नळी
- फक्त टँकसाठी ठेवलेल्या दोन बादल्या, ज्यांना साबण कधीही लागलेला नाही
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा
- एक वही

वही ऐच्छिक समजू नका. तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, खारटपणा, तापमान आणि काय बदललं, एवढंच लिहायचं. शेवाळ आज दिसतं, पण त्याचं कारण बहुधा महिनाभर आधी घडलेलं असतं.

१. पाणी कुठून येतंय ते तपासा

घरात आरओ प्युरिफायर आहे, तेच पाणी वापरू, हा विचार जवळजवळ सगळेच करतात. पिण्याच्या अनेक आरओ मशीनमध्ये चवीसाठी मिनरल कार्ट्रिज असते, किंवा टीडीएस कंट्रोलर थोडं पाणी मेंब्रेनला वळसा घालून पुढे पाठवतो. त्यामुळे त्या पाण्याचा टीडीएस ५०, कधी १०० च्याही वर असतो. पिण्यासाठी ते चांगलं, टँकसाठी नाही. टँकला मेंब्रेननंतर डीआय रेझिन लागतं आणि मीटरवर आकडा ० यावा लागतो.

मीटरवर ० आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट निसटून पुढे जातं, आणि टीडीएस मीटरला ते नीट दिसत नाही. सिलिकेट म्हणजे डायटमचं, म्हणजे तपकिरी थर धरणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं, बांधकामाचं साहित्य. जुन्या टँकमध्ये अचानक तपकिरी थर परतला, तर पहिला संशय रेझिनवर घ्या. रंग बदलणारं रेझिन असेल तर अर्ध्याहून अधिक रंग बदलताच ते बदला, मीटर हलण्याची वाट पाहू नका. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर रेझिन फार लवकर संपतं, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवा.

वाफ होऊन पाणी कमी झालं की वरून गोडं डीआय पाणी घालायचं, खारं नाही. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी उडतं. याच वाटेने रोज थोडं थोडं नळाचं पाणी आत जात राहिलं तर त्यातलं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट टँकमध्ये साठत जातं.

समुद्राचं पाणी किंवा चौपाटीची वाळू आणण्याचा सल्लाही कोणी ना कोणी देतोच. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांजवळ खारटपणा खूप खाली येतो. तयार मीठ डीआय पाण्यात कालवून, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरू द्या. १.०२५ ते १.०२६ घनता, म्हणजे सुमारे ३५ पीपीटी, हा आकडा धरून चाला.

२. समोर काय आहे ते ओळखा

हा टप्पा घाईत उरकू नका. सकाळी दिवे लागण्याआधी एकदा आणि संध्याकाळी दिवे बंद होण्याआधी एकदा, असा टँक दोनदा निरखा.

*डायटम:* वाळूवर आणि काचेवर पिठासारखा तपकिरी थर. बोटाने पुसला की लगेच जातो. नव्या टँकमध्ये हमखास येतो, आणि पाणी शुद्ध असेल तर सिलिकेट संपताच काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. याला औषध नाही, धीर लागतो.

*काचेवरचं हिरवं शेवाळ:* मॅग्नेटने पुसा आणि पुढच्या कामाला लागा. मॅग्नेट वाळूच्या पातळीपर्यंत नेऊ नका. त्यात अडकलेला एक कण काचेवर कायमचा ओरखडा उमटवतो.

*हेअर अल्गी:* मऊ, हिरवे, बोटात धरून उपटता येणारे केस. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मुबलक असल्याची ही खूण.

*ब्रायोप्सिस:* लांबून हेअर अल्गीसारखंच दिसतं, पण एक तुकडा पाण्यात धरून पाहा. मधे एक दांडी आणि दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, नेच्याच्या पानासारखं. गोगलगायी याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ही ओळख महत्त्वाची.

*व्हॅलोनिया:* चकचकीत हिरवे फुगे. प्रत्येक फुगा आख्खा, मुळासकट सोडवून नळीने ओढून घ्या. टँकमध्ये फोडू नका.

*सायनो:* लालसर-जांभळा, मखमली, एकसंध चादरीसारखा थर. नळी लावली की पापुद्रा निघावा तसा निघतो आणि त्याला उग्र वास येतो. हे शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात, साचलेल्या घाणीवर वाढतात. काही जाती विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतः वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र शिल्लक अशा पाण्यात त्यांचं फावतं.

*डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट:* तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे आणि त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे. रात्री कमी होतात, दिवे लागल्यावर दुपारपर्यंत पुन्हा पसरतात. काही जाती विषारी असतात, अशा वेळी गोगलगायी मरू लागतात. आणि हे येतात ते बहुतेक वेळा 'फार स्वच्छ' टँकमध्ये, जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेऊन ठेवलेले असतात.

डायटम की सायनो की डायनो, हे कळत नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करा. थोडा थर टँकच्या पाण्यासकट काचेच्या बाटलीत घ्या आणि जोरात हलवा. ते पाणी कॉफी फिल्टरमधून किंवा किचन टिश्यूमधून दुसऱ्या बाटलीत गाळा. ही बाटली झाकण न लावता उजेडात तासभर ठेवा. पाणी तसंच राहिलं तर डायनो नसण्याची शक्यता जास्त. पण गाळून आलेल्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जमून बुडबुडे धरू लागले, तर ते डायनो. कोणाकडे ४०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप असेल तर जातही ओळखता येते आणि पुढचा उपाय त्यावरच ठरतो.

३. मोजा, पण शून्यावर भरवसा ठेवू नका

मासे आणि सोपे कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकमध्ये नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावं. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक). नुसते मासे असतील तर नायट्रेट थोडं जास्त चालतं.

खडक हिरव्या केसांनी भरलेले आणि टेस्टमध्ये नायट्रेट ०, असं झालं की नवखा माणूस चक्रावून जातो. किट खराब नसतं. किट पाण्यात उरलेलं मोजतं, आणि शेवाळ आलेलं सगळं त्याआधीच खाऊन टाकतं. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

दुसरा चकवा खडकांचा. आधी वापरलेले किंवा नीट न धुतलेले कोरडे खडक फॉस्फेट शोषून बसलेले असतात. पाण्यातलं फॉस्फेट कमी केलं की ते खडकातून हळूहळू बाहेर येतं आणि आकडा पुन्हा चढतो. हे महिनोन् महिने चालू शकतं. उपाय फसला असं समजून रोज नवं काहीतरी करू नका.

४. हाताने काढा

कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात गुणकारी हेच. हेअर अल्गी चिमटीत धरून उपटा, उरलेलं टूथब्रशने घासा आणि घासत असतानाच एअरलाइनच्या नळीने ओढून घ्या. ब्रशच्या शेजारी नळीचं तोंड धरायचं, म्हणजे तुकडे टँकभर उडत नाहीत. उडालेला प्रत्येक तुकडा नव्या जागी रुजू शकतो. शेवाळाने खाल्लेलं नायट्रेट-फॉस्फेट त्याच्या अंगातच असतं, त्यामुळे बाहेर काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर ते कायमचं टँकबाहेर जातं. औषधाने मारलेलं शेवाळ आतच कुजतं आणि सगळं परत पाण्यात सोडतं.

इथे गंभीरपणे वाचा. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे बटणासारखे कोरल असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय असा खडक घासू नका. हाताला जखम असेल तर त्या दिवशी राहू द्या. आणि शेवाळ किंवा कीड मारायला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊही नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

५. खाद्याचा हिशेब

टँकमध्ये बाहेरून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ सगळा खाद्यातून येतो. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घाला. फ्रोझन मायसिस किंवा ब्राइन श्रिंपचा क्यूब थेट टाकू नका. बारीक जाळीत ठेवून थोड्या डीआय पाण्याने वितळवा, ते पाणी फेकून द्या आणि मगच मासा-मासा पाहून द्या.

मात्र मासे उपाशी ठेवणं हा शेवाळावरचा उपाय नाही. मासा खंगला की आजारी पडतो, आणि आजारी मासा सांभाळणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड जातं.

६. दिवे

दिवसाला ८ तास पुरे, तेही टायमरवर. हाताने चालू-बंद कराल तर पाहुणे आले की १२ तास होणारच. एलईडीमध्ये पांढरा, लाल आणि हिरवा चॅनल कमी करून निळा ठेवा. टँक गॅलरीच्या दारासमोर असेल तर जाड पडदा लावा. थेट ऊन पडत असेल तर बाकीचे उपाय अर्धेच लागू पडतात.

७. बाहेर काढण्याची व्यवस्था

आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं ही चांगली सवय आहे, पण तिची मर्यादा ओळखा. नायट्रेट ४० असेल तर एका बदलाने ते ३६ होतं. असे दहा बदल केले आणि मधे काहीही नवं तयार झालं नाही असं धरलं, तरी १४ च्या आसपासच येतं. आणि नवं तर रोज तयार होत असतं. म्हणून आकडा फार चढला असेल तर एक-दोन मोठे बदल करा, नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा तंतोतंत जुळवून. बदलताना वाळूवरचा आणि खडकामागचा गाळ ओढून घ्या. नुसतं वरचं पाणी उपसून काही साधत नाही.

स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, असेल तर त्याचा कप आणि मान आठवड्यातून दोनदा पुसा. मानेला चिकटा धरला की फेस वर चढत नाही. घाण गाळणारा फिल्टर सॉक (कापडी पिशवी) किंवा फ्लॉस (कापसासारखा थर) दर दोन-तीन दिवसांनी बदला. त्यात अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते, तिथेच सडत असते.

सम्प, म्हणजे टँकखाली जोडलेली दुसरी टाकी, असेल तर माझा सगळ्यात आवडता उपाय रेफ्युजियम. सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचं तारेच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ ठेवायचं आणि त्यावर स्वतंत्र दिवा रात्री चालवायचा. ते तुमच्या डोळ्यांदेखत नायट्रेट-फॉस्फेट खातं, आणि रात्री टँकचा पीएच घसरतो तोही सावरतं. गुंता वाढला की एक तृतीयांश काढून टाकायचा. मन लावून पाहिलंत तर त्यात हजारो कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले इवलेसे जीव, फिरताना दिसतील, आणि ते माशांचं उत्तम खाणं.

फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे लोहाचे तपकिरी दाणे, प्रभावी आहे. मात्र पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा. फॉस्फेट एका रात्रीत खाली ओढलं तर कोरल पांढरे पडतात, आणि शून्यावर गेलं तर डायनोंना आमंत्रण. वर म्हटलं ते हेच: हेअर अल्गीवर काम करणारा हा उपाय डायनो असलेल्या टँकमध्ये आग भडकवतो.

डायनो असतील तर उलट्या दिशेने जा. जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, थोडं जास्त खायला घाला, नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर आणून तिथेच टिकवा. ऑस्ट्रिऑप्सिस ही जात रात्री पाण्यात तरंगते, त्यामुळे यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं यंत्र, उपयोगी पडतो. अँफिडिनियम वाळूतच राहते, तिथे यूव्हीचा खर्च वाया जातो. मायक्रोस्कोपचं महत्त्व इथे कळतं.

सायनोसाठी प्रवाह वाढवा, गाळ काढा आणि गरज पडली तर तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवून टँकवर चादर टाका. त्या काळात एअरस्टोन चालूच ठेवा, कारण मरणारा थर पाण्यातला ऑक्सिजन खातो. चादर काढल्यावर मेलेलं सगळं ओढून घ्या.

८. चरणारे जीव

१९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे सी अर्चिन रोगाने प्रचंड संख्येने मेले. शेवाळ खाणारे मासे तिथे आधीच मासेमारीने कमी झाले होते. पुढच्या काही वर्षांत जमैकाचे प्रवाळ खडक शेवाळाखाली झाकले गेले. खडक स्वच्छ राहतो तो चरणाऱ्यांमुळे, आणि टँकमध्येही तोच नियम आहे.

ट्रोकस गोगलगाय मला सर्वांत भरवशाची वाटते. उलटी पडली तर ती स्वतः सरळ होते, ॲस्ट्रियाला ते जमत नाही आणि ती तशीच मरते. टर्बो लांब केस झपाट्याने खाते, पण न चिकटवलेले कोरल पाडत जाते. नासारियस शेवाळ खात नाही, वाळूत पुरलेलं उरलेलं अन्न शोधते, तरी ती हवीच. लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा मध्यम टँकमध्ये छान काम करतो. टँग हा मासा मात्र चार फुटांहून लहान टँकमध्ये घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. केवळ शेवाळ खातो म्हणून पोहायला जागा लागणारा मासा कोंडून ठेवणं योग्य नाही.

थोडे जीव आणा, एकदम शंभर नको. शेवाळ संपलं की ते उपाशी मरतात आणि त्यांच्या सडण्यातून नवं शेवाळ येतं. गोगलगायींना खारटपणातला बदल सोसत नाही, म्हणून तासभर थेंबाथेंबाने टँकचं पाणी मिसळत मगच सोडा. तांबं असलेलं माशांचं औषध टँकमध्ये कधीही घालू नका, हे सगळे जीव मरतील.

प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आपल्या किनाऱ्यावरून उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. 'मालवणहून आणलंय, स्वस्तात देतो' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. खडक कोरडे किंवा कृत्रिम घ्या, आणि जिवंत काही घेताना पक्कं बिल मागा.

९. औषध सगळ्यात शेवटी

ब्रायोप्सिसवर अनेक जण फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात आणि ते काम करतं. सायनोवर प्रतिजैविक असलेली उत्पादनं मिळतात. ओळख पक्की झाली असेल, हाताने काढून झालं असेल आणि वरच्या पायऱ्या निदान दोन महिने पाळल्या असतील, तरच हा विचार करा. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून पाण्याचे खरे लिटर मोजा, औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, हवा वाढवा.

१०. उन्हाळा, वीज आणि गावी जाणं

पाणी २५ ते २६ अंशांवर राहिलं पाहिजे. एप्रिल-मे मध्ये चिलर नसेल तर पृष्ठभागावर पंखे लावा. बाष्पीभवन वाढेल, म्हणून डीआय पाण्याचा साठा दुप्पट ठेवा. वीज जाते अशा भागात बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना शेजारच्या काकूंच्या हातात खाद्याचा डबा देऊन जाऊ नका. मायेने त्या मूठभर घालतील आणि तुम्ही परत याल तेव्हा टँक हिरवा झालेला असेल. एका वेळचं खाद्य छोट्या पुडीत, पुडीवर वार लिहून ठेवा आणि बाकीचा डबा कपाटात बंद करा. निरोगी मोठे मासे एक दिवसाआड खाऊन मजेत राहतात, म्हणून आठवड्याला चार पुड्या पुरतात. सोबत एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: पुडीच्या बाहेरचं काही घालायचं नाही, पाणी या खुणेखाली गेलं तर निळ्या कॅनमधलं घालायचं, आणि पंप बंद दिसला तर लगेच फोन करायचा.